चार्जरचे किलोवॅट नंतर, आधी मागची वायर आणि अर्थिंग बघा

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

विजेच्या गाड्यांची रेंज, किंमत आणि सबसिडी यांवर वर्तमानपत्रांतून भरपूर छापून येते. ती गाडी घरी ज्या पॉइंटला लावायची, त्याबाबत मात्र शोरूममधल्या विक्रेत्याचा शब्द शेवटचा ठरतो. तो बहुधा एवढेच सांगतो की मोठा चार्जर घ्या, लवकर होईल. विद्युत ठेकेदारीच्या धंद्यातला माणूस म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो.

भिंतीवर लावतात ती पेटी खरे तर चार्जर नसतेच. घरातल्या एसी (दिशा बदलत वाहणाऱ्या) विजेचे डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करून बॅटरी भरणारा चार्जर गाडीच्या पोटात असतो. भिंतीवरची पेटी पायलट नावाच्या बारीक तारेवरून गाडीला 'इथून इतके अँपिअर घेता येतील' एवढे कळवते आणि मग वीज सोडते. त्यापेक्षा जास्त गाडी घेत नाही, आणि स्वतःच्या क्षमतेपेक्षा जास्त तिला घेता येत नाही. आतला चार्जर 3.3 किलोवॅटचा असेल तर बाहेर 7.4 ची पेटी लावून एक मिनिटही वाचत नाही. एकाच मॉडेलच्या स्वस्त आणि महाग प्रकारांत हा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून आपल्याच प्रकाराचे माहितीपत्रक उघडून 'एसी चार्जिंग'पुढचा आकडा बघावा.

'घरी तीन फेज आहे, मग 11 किलोवॅटचा घेऊन ठेवू' हा विचार तर सरळ तोट्याचा ठरू शकतो. 11 ची पेटी प्रत्येक फेजवर फक्त 16 अँपिअर देते. गाडीतला चार्जर 7.2 किलोवॅटचा, सिंगल फेजचा असेल तर ती गाडी एकाच फेजवरून 16 अँपिअर घेणार, म्हणजे जेमतेम 3.7 किलोवॅट. जास्त पैसे मोजून वेग निम्मा! सिंगल फेजची 32 अँपिअरची पेटी तिथे जास्त कामाची.

आता गरज किती ते पाहू. रोज 40 किलोमीटर धावणाऱ्या मध्यम आकाराच्या गाडीला साधारण 6 युनिट लागतात. गाडीबरोबर येणारा 15 अँपिअरचा पोर्टेबल चार्जर एवढे दोन तासांत भरतो. रात्रभर गाडी उभीच असते. 7.2 ची खरी गरज रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर धावणाऱ्याला, मोठी बॅटरी वारंवार रिकामी करणाऱ्याला किंवा घरात दोन गाड्या असणाऱ्याला. स्कूटरवाल्यांनी तर या वादात पडूच नये. बहुतेक स्कूटरचे चार्जर एक किलोवॅटच्या आतले असतात आणि चार-पाच अँपिअर ओढतात. त्यांना एक चांगला, स्वतंत्र पॉइंट पुरतो.

'चांगला' पॉइंट म्हणजे काय, हे मात्र खोलात जाऊन सांगायला हवे, कारण घरच्या चार्जिंगमधल्या जळण्याच्या बहुतेक तक्रारी तिथेच होतात. गिझर 15 अँपिअरच्या सॉकेटवर वीस मिनिटे चालतो आणि बंद होतो. गाडी त्याच सॉकेटमधून सलग सहा-आठ तास 15 अँपिअर ओढते. सॉकेटच्या आतली पितळी पट्टी सैल झाली असेल, किंवा मागचा स्क्रू नीट आवळलेला नसेल, तर त्या सांध्यात 0.2 ओहमचा रोध सहज येतो. 15 चा वर्ग गुणिले 0.2, म्हणजे 45 वॉट उष्णता, तीही हरभऱ्याएवढ्या जागेत. 25 वॉटची सोल्डरिंग आयर्न कथील वितळवते, हे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कोणालाही विचारा. आधी फेजच्या छिद्राभोवती प्लास्टिक पिवळसर होते, मग तपकिरी, मग प्लग काढताना चिकटून येतो. एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) यात काहीच करत नाही. करंट 15 च असतो, तो वाढलेला नसतो. काही कंपन्या प्लगमध्ये तापमानाचा सेन्सर बसवतात, तो चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो. पण त्याच्या भरवशावर जुने सॉकेट चालवू नये.

म्हणून गाडीसाठी मेन बोर्डापासून वेगळी लाइन ओढावी. 15 अँपिअरच्या चार्जरला 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, 20 अँपिअरचा सी-कर्व्ह (सुरुवातीच्या क्षणिक उसळीला न पडणारा) एमसीबी आणि नवे, आयएसआय खुणेचे 16 अँपिअरचे सॉकेट. वायरच्या टोकाला लग किंवा फेरूल (धातूची टोपी) दाबूनच ती स्क्रूखाली घ्यावी. जोडणी झाल्यावर पंधरा दिवसांनी मेन बंद करून सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळावेत. तांब्याचे धागे दाबाखाली बसतात आणि स्क्रू थोडा सैल होतो. एक्स्टेंशन बोर्ड, मल्टिप्लग, 16 चा 6 करणारा अ‍ॅडाप्टर यांतले काहीही मध्ये नको. पोर्टेबल चार्जरची जड पेटी प्लगला लोंबकळत ठेवली की पिना तिरक्या होतात. भिंतीला हूक मारून ती अडकवावी आणि केबल वेटोळे न ठेवता मोकळी सोडावी.

32 अँपिअरच्या पेटीला सॉकेट नको, थेट जोडणी हवी. 32 अँपिअर सलग चालणार असल्याने 32 चा एमसीबी उन्हाळ्यात बंद डब्यात तापून उगाच पडतो, त्यामुळे 40 चा लावतात. पण मग वायरही 40 पेलणारी पाहिजे. पाइपातून गेलेली 6 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर 30 अंश तापमानाला 40-41 अँपिअर पेलते, 40 अंशांना 36 च्या आसपास. नागपूर, चंद्रपूर, जळगावच्या मे महिन्याचा विचार केला तर 10 स्क्वेअर एमएमला पर्याय नाही. लांबीचाही प्रश्न आहे. 30 मीटरवर 6 ची वायर 32 अँपिअरला जवळजवळ 6 व्होल्ट खाते आणि सुमारे 190 वॉट नुसते वायर तापवण्यात जातात. 10 ची टाकली तर हे साडेतीन व्होल्ट आणि 112 वॉटवर येते. ज्या भागात संध्याकाळी मुळातच 200 व्होल्ट येतात, तिथे हे सहा व्होल्ट चार्जर बंद पाडायला पुरेसे ठरतात, आणि दोष मात्र पेटीला लागतो.

आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, हा विषय बहुतेक वायरमन एका वाक्यात उरकतात: 'आहे की घरात बसवलेला!' घरात असतो तो बहुधा 'एसी' प्रकारचा, म्हणजे फक्त एसी गळती ओळखणारा. गाडीच्या चार्जरमधून बिघाड झाल्यास डीसी करंट गळू शकतो. तो आरसीसीबीच्या आतल्या गाभ्याला चुंबकीयदृष्ट्या जखडून टाकतो, आणि मग खरी गळती होईल तेव्हा हा आरसीसीबी पडतच नाही. म्हणजे गाडी त्याच्यामागे जोडल्याने स्वयंपाकघरातले संरक्षणही जाते. त्यामुळे गाडीची लाइन घरच्या आरसीसीबीच्या आधीच वेगळी काढावी आणि तिला स्वतंत्र 30 मिलिअँपिअरचा 'ए' प्रकारचा आरसीसीबी लावावा. पेटीत 6 मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखण्याची सोय आहे का, हे खरेदीपूर्वी लेखी विचारावे. नसेल तर डीसी गळतीही ओळखणारा 'बी' प्रकारचा आरसीसीबी लागतो आणि तो बराच महाग पडतो. पेटी स्वस्त का मिळाली, याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते.

सर्वांत जास्त चिंतेची बाब अर्थिंगची. चार्जर सुरू होण्याआधी अर्थ आहे की नाही ते तपासतो आणि नसेल तर लाल दिवा दाखवून थांबतो. जुन्या घरांत, गावाकडच्या वाड्यांत अर्थिंग नावापुरतेच असते. मग 'गाडी चार्ज होत नाही' म्हणून बोलावलेला माणूस सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून एक तुकडा काढून अर्थच्या पिनेला जोडतो. दिवा हिरवा होतो, सगळे खूश. पण खांबावरून येणारी न्यूट्रल कधी तुटली तर तीच 230 व्होल्टची वीज त्या तुकड्यातून गाडीच्या पत्र्यावर येते. अशा वेळी आरसीसीबीही वाचवेल असे नाही. हा तुकडा कोणी जोडत असेल तर त्याचे हात धरावेत, इतका हा प्रकार घातक आहे.

त्यावर उपाय एकच, खड्डा घेऊन नीट अर्थिंग करणे. तीन मीटरचा रॉड, आणि चाचणीत रोध 5 ओहमच्या आत आला तर उत्तम. आपल्याकडे पठारावर फूट-दोन फुटांखाली काळा पाषाण लागतो, त्यामुळे एका रॉडने भागत नाही. दोन रॉड किमान तीन मीटर अंतरावर ठोकून जोडावे लागतात. उन्हाळ्यात माती सुकली की रोध चढतो, म्हणून मोजणी पावसाळ्यात करून समाधान मानू नये. झटपट अंदाज हवा असेल तर चार्जिंग चालू असताना मीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांतले व्होल्टेज बघावे. दोन-तीन व्होल्ट ठीक, त्याहून बरेच जास्त असेल तर गडबड आहे. अगदी शून्य दिसले तरी खूश होऊ नये, तो मघाचा तुकडा असू शकतो.

मंजूर भाराचे गणित सोपे आहे, पण करत कोणी नाही. सिंगल फेज जोडणी साधारण 40 अँपिअरपर्यंतची. त्यातले 32 गाडीने घेतले तर उरलेल्या आठात एक गिझरही धड बसत नाही. अशा घरात एकतर भार वाढवून तीन फेज घ्यावे (स्थिर आकार बराच वाढतो, तो आधी बघून ठेवावा), नाहीतर पेटीतली सेटिंग 16 अँपिअरवर आणावी. बऱ्याच पेट्यांत ही सोय आतल्या स्विचने किंवा अ‍ॅपवरून मिळते. मेनवर सीटी (करंट मोजणारे कडे) बसवून घराचा भार वाढला की गाडीचा आपोआप कमी करणाऱ्या पेट्याही येतात. दोन एसीच्या घरात तो जादा खर्च वसूल होतो.

बिलाबाबत एक गैरसमज पक्का बसलेला आहे. गाडीचा खर्च काढताना लोक बिलातला सरासरी दर धरतात. घरगुती दर 100, 300, 500 युनिटांच्या टप्प्यांनी चढतो. घराचा वापर महिना 250 असेल आणि गाडीने 160 ची भर टाकली, तर त्यातली 50 युनिटे दुसऱ्या टप्प्यात आणि 110 तिसऱ्या टप्प्यात जातात. गाडीला लागतो तो हा वरचा दर. स्वतःची गाडी स्वतःच्या घरच्या मीटरवर घरगुती दराने चार्ज करायला महाराष्ट्रात अडचण नाही, पण वापर मोठा असेल तर वेगळ्या मीटरचा हिशेब जरूर मांडावा. केंद्राने फेब्रुवारी 2024 मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली आणि ग्राहकाने मागितल्यास गाडीसाठी स्वतंत्र जोडणी देणे वितरण कंपनीला बंधनकारक केले. 'रात्री स्वस्त असते' हा सल्लाही डोळे झाकून घेऊ नये. महावितरणने 2025 पासून टीओडी (वापराची वेळ नोंदवणाऱ्या) मीटरच्या घरगुती ग्राहकांना सवलत दिली ती सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतल्या वापरावर. गाडी दुपारी घरी असेल तर पेटीचा टायमर तेव्हाचाच लावणे फायद्याचे.

सोसायट्यांमध्ये प्रत्येकाने आपापल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत वायर ओढण्याची पद्धत पहिल्या दोन-तीन गाड्यांपर्यंत ठीक दिसते. दहाव्या गाडीला मीटर रूममध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही. 7.2 च्या वीस पेट्या एकदम चालू झाल्या तर 144 किलोवॅट होतात, तेवढा भार इमारतीच्या ट्रान्सफॉर्मरवर शिल्लक असतोच असे नाही. समितीने परवानगीवरून वाद घालण्यापेक्षा एकच केबल ट्रे, एक वितरण पॅनेल आणि प्रत्येकी 3.3 ची मर्यादा एकदाच ठरवून टाकावी. जनरेटरवर हे पॅनेल अजिबात घेऊ नये. तळघरात पाणी शिरत असेल तर पेटी छातीच्या उंचीवर, आणि कोकणात उघड्यावर लावायची असल्यास आयपी 65 ची (धूळ-पाणी आत न जाऊ देणारी). पावसाळ्यात गनची (गाडीत खोचायच्या प्लगची) टोपी न विसरता लावावी, नाहीतर आत मुंग्या घर करतात.

चार्जिंग थांबवताना आधी गाडीतून किंवा अ‍ॅपवरून थांबवावे, मग गन काढावी आणि शेवटी भिंतीवरचा स्विच बंद करावा. भार चालू असताना स्विच मारला की आत ठिणगी उडते आणि त्याचे पॉइंट लवकर जातात.

काम पूर्ण झाल्यावर परवानाधारक ठेकेदाराकडून बिलाबरोबर तीन आकडे लेखी घ्यावेत: अर्थचा रोध किती ओहम, आरसीसीबी किती मिलिअँपिअरला आणि किती मिलिसेकंदांत पडला (30 मिलिअँपिअरला 300 च्या आत पडायला हवा), आणि पूर्ण भार असताना चार्जरपाशी व्होल्टेज किती. हे मोजायला अर्धा तास पुरतो. ज्याच्याकडे मोजायची साधनेच नाहीत, त्याला हे काम देऊ नये.

आपला,
एक परवानाधारक विद्युत ठेकेदार,
नाशिक