भेगा मुद्दामच आहेत, असं मी म्हणाले

प्रिय जवसबाई,

पाच महिने झाले. तुझ्या दोन मेसेजना मी नुसता अंगठा पाठवला, तिसऱ्याला तोही नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. पाठ आहे तशीच आहे, टर्पेंटाइनच्या वासानं डोकं चढतं, बाकी ठणठणीत.

जे घडलंय ते तुलाच सांगता येईल. दुसरं कुणी एक तर हसेल, नाही तर माझी तक्रार करेल. तू दोन्ही करशील, पण आधी ऐकून घेशील.

मी ज्युरीत, म्हणजे चित्रं तपासणाऱ्या परीक्षकांसमोर, खोटं बोलले.

झालं असं की सहा फुटी कॅनव्हास होता आणि डिस्प्लेला उरले होते नऊ दिवस. खाली आयव्हरी ब्लॅकचा जाड थर, त्यात नेहमीसारखं सढळ हातानं जवसाचं तेल. हा काळा किती रेंगाळत वाळतो हे तू बीएफएच्या दुसऱ्या वर्षापासून घोकून घेतेस, माहीत आहे. त्याच्यावर मी बर्न्ट अंबर, तो गडद तपकिरी, चढवला, टर्पेंटाइनमध्ये पार पाणी करून. त्यात मँगनीज, म्हणजे तो दुसऱ्या दिवशी खडखडीत. 'खाली लुकडा, वर लठ्ठ', म्हणजे कमी तेलाचा थर खाली आणि जास्त तेलाचा वर, हे तू स्टुडिओच्या दारावर खडूनं लिहिलं होतंस आणि त्या टोपीवाल्याला वाटलं होतं ते त्याच्यावरच आहे, आठवतं? मी बरोब्बर उलटं केलं. वर रात्रभर दोन हॅलोजन लावून ठेवले. (“तेल म्हणजे ओले कपडे नाहीत गं वाळत घालायला, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं.” हो, ऐकू येतंय मला.)

सकाळी जाऊन बघते तर डाव्या कोपऱ्यापासून मधोमध अंबर तडकलेला. अंड्याच्या टरफलावर चमचा आपटल्यावर उमटते तसली जाळी. प्रत्येक तुकड्याची कड किंचित उचललेली, आणि भेगेत खालचा काळा ओला चमकत होता. नख लावलं तर रुतलं. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. मग वेळच नव्हता म्हणून तसंच टांगलं.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या त्या हलेचनात. म्हणाल्या, “हे मुद्दाम आहे ना?”

मी म्हणाले, “हो.”

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पुढची दहा मिनिटं मी 'पृष्ठभागाची स्मृती' यावर बोलले. हे शब्द माझ्या तोंडात कुठून आले देव जाणे. दाढीवाले सर मागे उभे राहून मान डोलवत होते! आता गाईडनी डिझर्टेशनचा विषयच तो ठरवलाय आणि मालिकेतली आणखी चार चित्रं मागितली आहेत.

वाचायला यादी दिली. तिच्यात द्युशाँ या फ्रेंच कलाकाराची ती 'मोठी काच', काचेवर केलेलं काम. 1926 च्या ब्रुकलिनच्या प्रदर्शनाहून परत नेताना फुटली, 1936 मध्ये त्यानं बसून तुकडे जुळवले आणि भेगा आवडल्या म्हणून ठेवल्या. गाईड म्हणाले, हा तुझा पूर्वसूरी. मी मान हलवली, पण त्यानं 'मीच फोडली' असं कधी म्हटलं नाही गं. दुसरा बुर्री, इटालियन चित्रकार. सत्तरच्या दशकात झिंक व्हाइट आणि पीव्हीए गोंदाचा जाड थर देऊन तो भेगा पाडून घ्यायचा. 1968 च्या भूकंपात गेलेल्या सिसिलीतल्या जिबेलिना गावाच्या ढिगाऱ्यावर त्यानं काँक्रीट ओतलं आणि त्यात माणसं चालतील एवढ्या रुंद भेगा ठेवल्या. त्याला ठाऊक होतं काय करतोय ते. माझा खरा पूर्वज म्हणशील तर रेनॉल्ड्स, अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार. मेण, डांबर, काय वाट्टेल ते मिसळायचा, आणि त्याच्या हयातीतच चित्रं तडकायची, फिकी पडायची. तो काही यादीत नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. आता मला भेगा पाडताच येत नाहीत! तेच तेल, तोच काळा, तेच हॅलोजन. तीन बोर्ड केले. एकावर सुरकुत्या पडल्या, एक शहाण्यासारखा वाळला, तिसरा अजून हाताला लागतो. चार वर्षं तुझे नियम मोडून चित्रं तडकवली आणि आता मुद्दाम मोडतेय तर रंगच नियमानं वागायला लागलाय.

मी इथे पुढे शिकायला आले तेव्हा “तिथे रंगवायला नाही, बोलायला शिकवतात,” असं तू म्हणाली होतीस आणि मी महिनाभर तुझ्याशी बोलले नव्हते. मला अजूनही वाटतं की तुझं पूर्ण बरोबर नव्हतं. इथे कुणीतरी चित्रासमोर अर्धा तास उभं राहतं आणि आपण स्वतःला कधी विचारला नसता असा प्रश्न विचारतं, ते घरी बसून मिळत नाही. पण मला विचारलेला प्रश्न साधा होता, त्याचं उत्तरही मला येत होतं, आणि मी दुसरंच दिलं. त्यात ते चित्र खरंच चांगलं झालंय. मी ठरवलं होतं त्यापेक्षा बरंच चांगलं. ते सपाट तपकिरी राहिलं असतं तर बाई दोन मिनिटांत पुढे गेल्या असत्या, हे मलाही कळतं. म्हणूनच झोप लागत नाही.

तुझ्या आईची शस्त्रक्रिया नीट झाली ना? शाळेत तुला कायम केलं हे मोठ्या ताईकडून कळलं, अभिनंदन, आधीच म्हणायला हवं होतं. पोरं अजून सूर्याला नाक-डोळे काढतात का? काढू दे.

गुरुवारी गाईडना भेटायचंय. तुझ्या निळ्या वहीत 'हे करू नये' असं एक पान आहे, त्याचा फोटो पाठव. बुधवारपर्यंत. तसं करून बघायला हवंय की कबुली देताना समोर ठेवायला, हे अजून ठरलेलं नाही.

तुझीच,
लठ्ठावर लुकडं

ता. क. तुझी लाकडी मुठीची पॅलेट नाइफ माझ्याकडेच आहे. चार वर्षं नाही म्हणत आले. सराव म्हणून सांगतेय.