डिस्क तू नेलीस आणि मशीन माझं बसलं

प्रिय संज्या,

अरे तू ती एक टीबीची डिस्क घेऊन गेलास ना रविवारी, ट्रिपचे फोटो कॉपी करायला? सोमवारी सकाळी चहा घेऊन बसलो, कॉम्प्युटर चालू केला तर डेबियन, म्हणजे माझी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम, स्क्रीनवर एकच ओळ घेऊन बसलंय, डिस्कची वाट बघतंय, दीड मिनिटाचा काउंटर. बघू देत म्हटलं वाट. दीड मिनिट झाल्यावर इमर्जन्सी मोड, आणि खाली काय तर म्हणे रूटचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं मुख्य खातं लॉक आहे, एंटर दाबा. दाबलं की परत तेच. इन्स्टॉल करताना मीच रूटचा पासवर्ड रिकामा सोडला होता, सुडो कमांडने रूटचे अधिकार मिळतात ना मग कशाला हवाय म्हणून. घ्या आता.

शेजारचा पोरगा लगेच, काका फॉरमॅट मारा. या लोकांना काळी स्क्रीन दिसली की फॉरमॅटच सुचतो, डोकं दुखलं तर डोकंच बदला तसं.

मग काय केलं सांगतो, लिहून ठेव, तुझंही डेबियनच आहे. चालू करताना ग्रबचा, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू येतो, तो पाच सेकंदच थांबतो, तेवढ्यात ई दाबायचं. बऱ्याच ओळी दिसतात त्यात लिनक्स शब्दाने सुरू होणारी जी लांबलचक ओळ असते तिच्या अगदी शेवटी जायचं, क्वाएट या शब्दाच्या पुढे स्पेस देऊन इनिट, बरोबरचं चिन्ह, मग स्लॅश बिन स्लॅश बॅश. आणि कंट्रोल एक्स. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, चुकलं तरी पुढच्या वेळी सगळं जसंच्या तसं. सिस्टिमडी (बाकीचं सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) वगैरे काही सुरूच होत नाही, थेट रूटचा प्रॉम्प्ट, पासवर्डसुद्धा विचारत नाही! (म्हणजे तुझ्या मशीनसमोर बसलेला कुणीही हे करू शकतो, लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट करून घे एकदाची.)

इथे मी अर्धा तास घालवला. फाइल उघडली, दुरुस्त केली, सेव्हच होईना. मशीनची डिस्क रीड ओन्ली, नुसती वाचण्यापुरती असते रे या मोडमध्ये! आधी माउंट, डॅश ओ, रिमाउंट स्वल्पविराम आरडब्ल्यू, मग नुसता स्लॅश, एवढं मारायचं आणि मग नॅनो एडिटरने इटीसी फोल्डरमधली एफएसटॅब फाइल, म्हणजे सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी, उघडायची. तिथे तुझ्याकडच्या डिस्कची ओळ मीच मागे घातली होती, नुसतं डिफॉल्ट्स लिहून, म्हणजे ही डिस्क नसेल तर पुढे जाऊच नकोस असं मीच सांगून ठेवलेलं. त्यापुढे स्वल्पविराम देऊन नोफेल लिहिलं, म्हणजे डिस्क नसली तरी अडू नकोस. मग सिंक, आणि रीबूट डॅश एफ. साधं रीबूट तिथे चालत नाही, ऐकायला सिस्टिमडीच नसतं ना.

दुसऱ्या मिनिटाला डेस्कटॉप समोर. चहा गार झाला तो सोड.

आता डिस्क नसली तरी माझं मशीन अडत नाही, पण म्हणून वर्षभर ठेवून घेऊ नकोस. मागचा पेनड्राइव्ह अजून तुझ्याकडेच आहे.

तुझा,
बंड्या