पवित्रशास्त्र अभ्यास : निर्गम 26 वाचून या

सर्व सभासदांना सप्रेम सलाम.

येत्या रविवारी उपासनेनंतर निर्गम 26:1 घेणार आहोत, म्हणजे निवासमंडपाचे (रानात इस्राएल लोकांनी उभारलेल्या तंबूसारख्या उपासनास्थानाचे) दहा पडदे. वचन एकच असले तरी 14 पर्यंत वाचून या, नाहीतर रचना कळणार नाही.

तलम सणाचे कापड, निळे, जांभळे, किरमिजी सूत आणि त्यावर कुशलतेने काढलेले करूब, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय जीव. प्रत्येक पडदा 28 हात लांब, 4 हात रुंद. हात साधारण 45 सेंटिमीटरचा धरला तर लांबी साडेबारा मीटरच्या वर जाते! यावर बकऱ्यांच्या केसांचे 11 पडदे, 30 हातांचे, आणि त्यावर कातड्यांची आच्छादने. एवढी सगळी कारागिरी आतल्या बाजूला, बाहेरून दिसणार ते कातडे. माझ्या मते चर्चा इथेच रंगेल.

सोबत 35:25-26 पाहा. सूत कातणाऱ्या स्त्रियांचा हा उल्लेख आपण नेहमी घाईत ओलांडतो. 36:8 पासून प्रत्यक्ष काम सुरू होते, तेही चाळून ठेवा.

शिवणकाम जाणणाऱ्या भगिनींनी जरूर यावे. दोन्ही कडांची 50-50 बिरडी (फासे) आणि 50 सोन्याचे आकडे (हुक) यांची जोडणी त्याच नीट समजावतील. वही-पेन्सिल आणा, आकृती काढायची आहे. चहा आहेच.