रिलेवर बोट ठेवायला सांगणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुमच्याकडून निघताना मी घाईघाईत 'थँक्यू' म्हटलं आणि गाडी काढली. जे सांगायचं होतं ते तेव्हा तोंडातून निघालंच नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही जाहीर. तुमच्यापर्यंत कुणीतरी पोचवेल, नाहीतर वाचून दाखवेल. गाडीचा हॉर्न वाजायला लागला म्हणून कुणी पत्र लिहितं का, असं काहींना वाटेल. वाटू दे. हॉर्न नसलेली गाडी ज्याने वळणावळणाच्या रस्त्यावर चालवली आहे, त्याला नाही वाटणार.

एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलीच नव्हती. तुमच्याकडे येण्याच्या थोडेच दिवस आधी चढावर माझ्यापुढे एक ट्रक थांबला होता. तो हळूहळू मागे यायला लागला. मी हॉर्न दाबला. आवाजच नाही. पुन्हा दाबला, तळहाताने सगळा जोर लावून दाबला, काही नाही. मागच्या सीटवर आई बसलेली. मी रिव्हर्स टाकून गाडी मागे घेतली, मागे दुसरी गाडी नव्हती म्हणून निभावलं. ट्रक आमच्या बंपरपासून हातभर अंतरावर थांबला. आईला काहीच कळलं नाही. ती म्हणाली, "का गं, मागे का घेतलीस?" मला उत्तर देता येईना, माझे हात स्टिअरिंगवर थरथरत होते.

आणि हा हॉर्न तेव्हा 'दुरुस्त झालेला' होता. पहिल्या ठिकाणी फ्यूज बदलला, जुना फ्यूज शाबूत असताना. मग 'दोन्ही हॉर्न गेलेत' म्हणून दोन्ही नवे बसवले. समोर वाजवून दाखवले, खणखणीत वाजले. पुढच्या पावसात पुन्हा मुके. दुसऱ्या ठिकाणच्या माणसाने तर बोनेटसुद्धा उघडलं नाही. खुर्चीतून उठलाही नाही. "स्टिअरिंगमधली स्पायरल केबल तुटलीय, अख्खी बदलावी लागेल," म्हणाला. (स्टिअरिंग फिरलं तरी हॉर्नच्या बटणाची जोडणी टिकवणारी ती गुंडाळलेली केबल.) कशावरून, असं विचारलं तर म्हणाला, "ताई, ते तुम्हाला नाही कळायचं." मला खर्चापेक्षा हे वाक्य लागलं. ट्रक अंगावर येत असताना ज्या बाईने गाडी सावरली, तिला तिच्याच गाडीचं काय बिघडलंय ते का नाही कळायचं?

तुम्ही आधी मला बोलू दिलंत. "नेमका कधी वाजत नाही? पाऊस झाल्यावर? गाडी धुतल्यावर? खड्ड्यातून गेल्यावर परत वाजतो का?" असं एकेक विचारत गेलात आणि प्रत्येक वेळी माझं उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबलात. मग बोनेट उघडलंत, फ्यूजबॉक्सचं झाकण काढलंत. हॉर्न दाबायला मी आत जाऊन बसणार, तेवढ्यात तुम्ही थांबवलंत. तुमच्याकडे काम शिकणाऱ्या मुलाला आत बसवलंत आणि मला म्हणालात, "तुम्ही इकडे या. इथे बोट ठेवा."

काळी, चौकोनी, काडेपेटीपेक्षाही लहान अशी ती रिले, म्हणजे करंटने चालणारा एक स्विच. मी तिच्यावर बोट ठेवलं. मुलाने हॉर्न दाबला. हॉर्न वाजला नाही, पण बोटाखाली काहीतरी हललं. टिक.

"लागलं?"

"हो."

"म्हणजे स्टिअरिंगकडचं सगळं ठीक आहे."

काका, हे पत्र मी त्या एका टिकसाठी लिहितेय. स्टिअरिंगवरचं बटण स्वतः हॉर्नला करंट देत नाही, ते फक्त रिलेतल्या कॉइलला जागं करतं, आणि मग रिले हॉर्नचा मोठा करंट जोडते, हे तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. बटण दाबल्यावर रिले हलली, म्हणजे बटण चांगलं, केबलही चांगली. जी केबल बदलायला मी जवळजवळ तयार झाले होते, ती बिचारी आपलं काम चोख करत होती! नुसतं तोंडी सांगितलं असतंत, तरी मी कदाचित मानलं असतं. पण आधी दोघांचं तोंडीच मानलं होतं. तुम्ही मला माझ्याच बोटाने खात्री करून घ्यायला लावलीत.

मग मी त्या आधीच्या लोकांबद्दल बोलायला लागले. मनात राग होता, तो बाहेर पडला. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बघितलं नसेल त्यांनी. जाऊ द्या, आपण गाडीचं बघू." तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने ही संधी सोडली नसती. दुसऱ्याला नावं ठेवून आपण मोठं होणं किती सोपं असतं! तुम्ही केलं नाहीत. मला मात्र अजून राग आहे, आणि तो मी इथे लपवत नाही. न बघता निदान करणं ही साधी चूक नाही. ब्रेक, दिवे, हॉर्न यांच्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो.

डिकीत पडलेले माझे जुने हॉर्न तुम्ही मागून घेतलेत आणि वायर लावून बॅटरीवर डायरेक्ट केलेत. दोन्ही वाजले, एक जाड आवाजाचा आणि एक बारीक. "एक जाऊ शकतो. दोन्ही एकाच दिवशी सहसा जात नाहीत," म्हणालात, आणि कापडाने पुसून परत माझ्या हातात दिलेत. "हे ठेवा, चांगले आहेत." टाकून दिले असते तर मला कधी कळलंही नसतं.

पुढचंही तुम्ही माझ्याकडूनच करून घेतलंत. हॉर्नच्या कपलरवर, म्हणजे वायर हॉर्नला जिथे जोडतात तिथे, मीटर 12 व्होल्टच्या वर दाखवत होता, आणि मला वाटलं, सप्लाय येतोय तर मग अडलंय कुठे? तुम्ही मीटरची एक पिन हॉर्नच्या अर्थच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या, वायरला, दुसरी बॅटरीच्या मायनसला लावायला सांगितलीत आणि मुलाला हॉर्न दाबायला. आकडा 9 च्या पुढे गेला. "इथे शून्याच्या आसपास यायला पाहिजे. करंट येतोय, पण परत जायला वाट नाही. मोरी तुंबली तर नळाचा काय दोष?" असं म्हणत तुम्ही हेडलाइटच्या मागे हात घातलात आणि बॉडीला अर्थ जिथे जोडलाय तो बोल्ट टॉर्चच्या उजेडात दाखवलात. वायरच्या टोकावर हिरवट भुकटी, खाली गंजाची खपली. नवे हॉर्न बसवताना ती वायर हलली असणार, म्हणून त्या दिवशी वाजले आणि पाणी लागल्यावर पुन्हा गप्प झाले. सगळं कोडं एका बोल्टपाशी सुटलं. पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केलात, बोल्ट आवळलात, वरून ग्रीस लावलंत. नव्या हॉर्नची तोंडं वरच्या बाजूला ठेवलेली होती, पाणी साचून तेही लवकरच गेले असते. ती तुम्ही खाली वळवलीत, कुणी सांगितलं नसताना.

आणि मग मला म्हणालात, "आता तुम्ही आत बसून दाबा." वाजला तेव्हा मला रडू आलं. तुम्ही बघितलंत, पण काही विचारलं नाहीत, हत्यारं आवरायला लागलात. त्याचेही आभार.

मला आयुष्यात अशी थोडी माणसं भेटली आहेत. माझ्या वडिलांच्या आजारपणात एक डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरून आम्हाला जवळ बोलवायचे आणि बोटाने दाखवायचे. शाळेत गणिताच्या एक बाई होत्या, त्या उत्तर चुकलं तरी आधी 'कसं काढलंस' हे विचारायच्या. या माणसांना आपलं ज्ञान झाकून ठेवावंसं वाटत नाही. समोरच्याला आपल्याइतकीच अक्कल आहे असं धरून ती बोलतात. त्यांच्याकडून उठताना आपली मान ताठ असते. तुमच्याकडून निघताना माझी तशी होती, आणि गेले कित्येक दिवस ती तशी नव्हती.

तुमच्या त्या मुलाचंही कौतुक करायचं राहिलं. तो हॉर्न दाबत होता तरी त्याचं सगळं लक्ष तुमच्या बोलण्याकडे होतं. तुम्ही मधेच त्याला विचारलंत, "सांग, रिले वाजते पण हॉर्न वाजत नाही, मग कुठे कुठे बघशील?" तो अडखळला तरी तुम्ही त्याला माझ्यासमोर ओरडला नाहीत, पुन्हा विचारलंत. त्याने दुसऱ्या वेळी 'अर्थ' म्हटलं. तो पुढे चांगला वायरमन होणार, काका. अशा हाताखाली शिकतोय.

पावसाळा संपला की तो बोल्ट एकदा दाखवून जा, असं म्हणाला होतात. तेव्हा गाडी घेऊन नक्की येते. माझ्या मैत्रिणीच्या गाडीचाही हॉर्न बंद पडलाय आणि तिलाही स्पायरल केबलच सांगितली आहे. मी तिला आधी रिलेवर बोट ठेवायला लावलं. तिच्या गाडीत टिक लागत नाही, शिवाय डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवाही पेटलेला राहतो. एअरबॅगच्या वायरी त्याच केबलमधून जातात असं तुम्ही सांगितलं होतं, तेव्हा तिचं खरंच केबलचं असू शकेल. पण बॅटरीची वायर काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय स्टिअरिंगला कुणालाही हात लावू देऊ नकोस, आणि काका बघत नाहीत तोवर काही बदलू नकोस, असं तिला बजावून ठेवलंय. आम्ही दोघी बरोबरच येऊ.

तुमची ऋणी,
पांढऱ्या गाडीवाली ताई