रेटू की थांबवू?

सातारा

प्रिय दिल्या,

पत्र पोचलं. तुझी आठशे मीटरवाली पोरगी नडगी दुखतेय म्हणते, जिल्हा स्पर्धा तोंडावर, आणि वडील म्हणतात, "पळू द्या सर, थोडं दुखणारच." त्यांचा जीव दहावीच्या वाढीव गुणांत अडकलाय, हे कळतं मला.

आधी तिला बाकावर बसव आणि एका बोटानं दुखरी जागा दाखवायला सांग. सगळ्या नडगीवरून हात फिरवला, तर बहुधा ताण आलाय. सराव निम्मा कर, डांबरी सोडून मातीवर पळव. पण हाडावर रुपयाएवढ्या जागेवर नेमकं बोट टेकलं, त्या पायावर लंगडी घालताना चेहरा कसनुसा झाला, रात्रीही ठणकत असेल, तर स्पर्धा विसर आणि डॉक्टर गाठ. एक्स-रे साफ आला म्हणून हुरळू नकोस. हाडाची बारीक चीर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे त्यात बऱ्याचदा दिसतच नाही. पाळी नियमित आहे का, तेही वहिनींना विचारायला सांग. ती बंद झाली असेल तर हाडं कमकुवत होतात, आणि पोरी हे सरांना मेल्या तरी सांगत नाहीत.

कुरकुरणाऱ्या पोरांना मी बिनधास्त रेटतो. "सर, आज नको" म्हणणारा वॉर्मअप झाला की बहुतेक वेळा खुलतो. धास्ती वाटते ती कायम "हो सर" म्हणणाऱ्यांची. तुझी पोरगी त्यातलीच दिसते. तिनं तोंड उघडलं म्हणजे दुखणं जुनं असणार.

१९९६ ची अटलांटा ऑलिंपिक आठवते? सांघिक फायनलमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट केरी स्ट्रग हिचा घोटा पहिल्या व्हॉल्टला, म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीला, दुखावला. कडेला तिचे कोच बेला कारोली ओरडतायत, "तू करशील!" तिनं दुसरी उडी मारली, अमेरिकेला सुवर्ण मिळालं. मागाहून बेरीज केली तर ती उडी नसती तरी सुवर्ण येणारच होतं! तिच्या वैयक्तिक फायनल्स मात्र हुकल्या. त्या गलक्यात बेरीज करणार कोण? टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचीच जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स एका व्हॉल्टनंतर सांघिक फायनलमधून स्वतःहून बाहेर पडली, लोकांनी नावं ठेवली, आणि त्याच स्पर्धेत तिनं बीमवर, म्हणजे अरुंद पट्टीवरच्या कसरतीत, कांस्य घेतलं.

म्हणून हा निकाल मैदानावर लावू नकोस. आधीच घरी जा, चहा घे, आणि थांबवायचं ठरलं तर पोरीसमोरच वडिलांना सांग की नाव मी मागे घेतलं. खापर तुझ्या डोक्यावर फुटू दे. तिला घरी कुणी "घाबरली" म्हणता कामा नये. डॉक्टर हो म्हणाले तर तोवर तिला पोहायला लाव, दम टिकेल.

लंगडीचं काय झालं ते लगेच फोनवर कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या