गाविलगडाच्या भिंतींतील पिंपळ वेळीच काढावेत

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत गावातील आठ-दहा मुलांना घेऊन मी परतवाड्याहून चिखलदऱ्याला गेलो आणि तेथून पायी गाविलगड पाहिला. चिखलदऱ्याला येणारे बहुतेक पर्यटक पॉइंट पाहून, कणसे खाऊन खाली उतरतात. गडाच्या वाटेवर आम्हांला दोनच कुटुंबे भेटली. याचे वाईट वाटावे की गडाच्या दृष्टीने हे बरेच म्हणावे, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

मध्ययुगीन फारसी इतिहासकार फिरिश्ता याच्या इतिहासानुसार हा किल्ला अहमदशहा बहमनीने १४२५ मध्ये बांधला आणि १४८८ मध्ये वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला इमादउल्मुल्क याने त्याची डागडुजी केली. हा फत्तेउल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला, लढाईत पकडला गेलेला ब्राह्मण मुलगा. म्हणूनच की काय, गडाच्या दरवाजावर चोचींत हत्ती धरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी, म्हणजे विजयनगरकडचे चिन्ह, कोरलेला आहे. मुलांना तो दाखवीत असतानाच वरच्या सांध्यातून मनगटाएवढा पिंपळ निघालेला दिसला आणि त्याच्या खालचा घडीव दगड बोटभर पुढे सरकलेला होता. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने ज्या उत्तर बाजूचा तट फोडून नागपूरकर भोसल्यांचा हा किल्ला घेतला, त्या बाजूला तर अशी रोपे मोजण्याच्या पलीकडे आहेत.

पक्ष्यांच्या विष्ठेतून बी सांध्यात पडते, पावसाने चुना धुपलेला असतोच, आणि मूळ आत शिरले की दगड ढिला होतो. रोप नुसते कापले तर ते पुन्हा फुटते आणि जोर लावून उपटले तर दगडच हाती येतो. त्यामुळे मूळ मारून तो सांधा लगेच चुन्याने भरावा लागतो. हे काम रोप करंगळीएवढे असताना केले तर दोन माणसांचे असते. पुढे त्यासाठी परांची बांधावी लागते.

याबाबत मी दोन कार्यालयांना लेखी कळविले होते. एकाने विषय दुसऱ्याकडे वर्ग केला आणि दुसऱ्याने अद्याप पोचही दिलेली नाही. गावातील तरुण कोयते घेऊन यायला तयार आहेत, परंतु संरक्षित स्मारकाला परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि अर्धवट माहितीवर तो लावूही नये. पुढील पावसाळ्यापूर्वी संबंधितांनी एखादा जाणकार कारागीर गडावर पाठवावा. चुना आणि पाणी वर वाहून नेण्याचे काम आम्ही करू.

आपला,
एक वाचक,
ता. अचलपूर, जि. अमरावती