रेड लावायला फॉरमॅट मारावा लागत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या फेब्रुवारीत ऐन लग्नसराईत आमच्या डीटीपीच्या दुकानातल्या एका कॉम्प्युटरची हार्डडिस्क गेली. आदल्या रात्री नीट बंद केलेली, सकाळी बटण दाबलं तर आतून टकटक आवाज आणि स्क्रीन काळी. त्यात अकरा लग्नपत्रिका होत्या, चार तर गिऱ्हाइकाने प्रूफ पास करून दिलेल्या, शिवाय एका आजोबांच्या पंचाहत्तरीची पुस्तिका, जिचे जुने फोटो आम्ही स्कॅन करून त्यांना परत दिले होते. पत्रिका आम्ही दोघांनी रात्र जागून परत केल्या, फोटोंसाठी मात्र मला पुन्हा त्या घरी जावं लागलं. आजींनी अल्बम काढून दिला, एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण ते फोटो दुसऱ्यांदा काढताना एकाचा कोपरा फाटला आणि ते मला आजही खातं.

तेव्हाच ठरवलं की मेन मशिनवर तरी मिररवालं रेड (एकापेक्षा जास्त डिस्क एकत्र चालवायची सोय) करून घ्यायचं, म्हणजे रेड १. दोन डिस्क, दोन्हीवर तेच लिहिलं जातं, एक गेली तरी दुसरीवर काम चालू. दोन दुकानांत विचारलं आणि दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं, मॅडम फॉरमॅट मारावा लागेल, विंडोज नव्याने टाकावी लागेल, डेटा आम्ही कॉपी करून देतो.

आता डेटा कॉपी झाला म्हणजे सगळं आलं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या लाइनीत बसून बघावं. आमच्या मशिनवर पेजमेकर ७ हे पानं लावायचं सॉफ्टवेअर आहे, २००१ सालचं, त्याच्यानंतर नवीन आलंच नाही, त्याची सीडी आता नीट वाचली जात नाही. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट आहेत, वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या लोकांकडून आलेले, एक जरी चुकला तरी पंधरा वर्षांपूर्वीची पत्रिका उघडली की सगळी अक्षरं चिन्हांसारखी दिसतात. डोंगलचा (सॉफ्टवेअर चालायला मशिनला लावावी लागणारी किल्ली) ड्रायव्हर, प्रिंटरची सेटिंग, रंगांची प्रोफाइल, कीबोर्ड लेआउट. हे सगळं परत बसवायला आठ-दहा दिवस जातात आणि तरी काहीतरी राहतंच.

त्यातल्या एका दुकानातल्या मुलाने माझ्यासमोर बायॉसमध्ये (मशिन चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन साटा मोड, म्हणजे डिस्क कुठल्या पद्धतीने चालवायची ती सेटिंग, एएचसीआय या नेहमीच्या पद्धतीवरून रेडवर केला, मशिन चालू केलं, निळी स्क्रीन आली, इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस, म्हणजे विंडोजची डिस्क सापडत नाही. म्हणाला, बघा मॅडम, विंडोज उडाली, आता फॉरमॅटच. माझे हातपाय गार पडले. पुण्यात असणाऱ्या पुतण्याला तिथूनच फोन लावला तर तो म्हणाला, काकू थांब, कुणाला हात लावू देऊ नकोस, बायॉसमध्ये परत एएचसीआय करायला सांग. केलं, आणि विंडोज पहिल्यासारखी उघडली. काहीही उडालं नव्हतं!

हे असं का होतं ते त्याने मला नंतर नीट समजावलं आणि ते मला तुमच्या वाचकांना सांगायचंय. विंडोज चालू होताना डिस्कचे सगळे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम) लोड करत नाही, ज्याची गरज असते तेवढाच घेते आणि बाकीचे बंद ठेवते. तुम्ही बायॉसमध्ये मोड बदलला की तोच कंट्रोलर (डिस्क सांभाळणारी बोर्डावरची चिप) विंडोजला वेगळा दिसतो, त्याला रेडचा ड्रायव्हर लागतो, तो डिस्कवर असतो पण बंद असतो, म्हणून विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि निळी स्क्रीन येते. विंडोज ७ मध्ये यासाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) जाऊन आयएस्टॉरव्ही नावाच्या नोंदीत स्टार्टची किंमत ३ ची ० करावी लागायची. विंडोज १० मध्ये काम सोपं आहे. एमएसकॉन्फिग हे विंडोजचंच सेटिंगचं टूल उघडायचं, बूटच्या टॅबमध्ये सेफ बूटला टिक करायची, रीस्टार्ट करून थेट बायॉसमध्ये जायचं, मोड रेडवर करून सेव्ह करायचं. मशिन सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरत्या गोष्टींवर, उघडतं, त्या वेळी विंडोज कंट्रोलर नव्याने ओळखते आणि बंद ठेवलेला ड्रायव्हर चालू करते. मग टिक काढून परत रीस्टार्ट. एवढंच. आमचं वीस मिनिटांत झालं, त्यातली निम्मी पासवर्ड शोधण्यात गेली कारण सेफ मोडमध्ये कधीकधी पिन चालत नाही, खरा पासवर्ड लागतो, तो आधीच लिहून ठेवा. आणि ज्यांच्या मशिनला बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) आहे, नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा तो आपोआप चालू असतो, त्यांनी आधी तो सस्पेंड करावा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर काढून ठेवावी, नाहीतर मशिन की मागत बसेल आणि तुमच्याकडे ती नसेल.

इथपर्यंत फक्त मोड बदलला, मिरर अजून झालेला नाही. दुसरी डिस्क पहिलीएवढी किंवा तिच्यापेक्षा मोठी लागते. आमचं इंटेलचं बोर्ड आहे, त्यामुळे विंडोजमध्येच इंटेलचं रॅपिड स्टोरेजचं सॉफ्टवेअर टाकलं, त्यात मिरर निवडला आणि कुठल्या डिस्कवरचा डेटा ठेवायचा ते सांगितलं. इथे चार वेळा वाचून क्लिक करा, कारण दुसऱ्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. संध्याकाळी सातला लावलं, त्या वेळातही मी एक पत्रिका पूर्ण केली, मशिन जरा हळू चालत होतं एवढंच, सकाळी बघितलं तर स्टेटस नॉर्मल. पेजमेकर, फॉन्ट, डोंगल सगळं जागच्या जागी. पण हेच काम कोणी मशिन चालू होताना कंट्रोल आणि आय दाबून येणाऱ्या स्क्रीनवरून करायला गेलं तर तिथे व्हॉल्यूम (म्हणजे मिरर) तयार करताना दोन्ही डिस्कवरचा डेटा जातो. मला वाटतं दुकानवाल्यांना हीच पद्धत माहीत असते आणि म्हणून ते फॉरमॅट सांगतात, मुद्दाम कोणी फसवतं असं मी म्हणणार नाही.

पुतण्याच्या स्वतःच्या मशिनवर लिनक्स आहे, तिथे तर त्याने आणखी छान केलं होतं. एमडीएडीएम म्हणून कमांड असते, तिला सांगायचं की मिरर दोन डिस्कचा आहे पण एक सध्या मिसिंग आहे. मग नव्या डिस्कवर अर्धा मिरर तयार होतो, सगळी सिस्टिम त्यात कॉपी करायची, बूटलोडर (मशिन चालू करणारा छोटा प्रोग्राम) नव्या डिस्कवर टाकायचा, नव्या डिस्कवरून मशिन चालू होतंय याची खात्री करायची आणि मगच जुनी डिस्क त्यात जोडायची आणि तिच्यावरही बूटलोडर टाकायचा. शेवटच्या पायरीपर्यंत जुनी डिस्क जशीच्या तशी राहते, हे मला फार आवडलं.

एक दुकानदार स्पीड मिळेल म्हणून रेड ० सुचवत होता. कृपा करून कामाच्या मशिनला ते करू नका, त्यात दोन्ही डिस्कवर अर्धा अर्धा डेटा असतो आणि कुठलीही एक गेली की सगळंच गेलं. मुळात १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी रेड (इंग्रजीत RAID) हा शब्द मांडला तेव्हा त्यातल्या आय अक्षराचा अर्थ होता इनएक्सपेन्सिव्ह, म्हणजे स्वस्त. मोठ्या कंपन्यांच्या महागड्या एका डिस्कच्या जागी लहान स्वस्त डिस्क एकत्र वापरायच्या आणि त्यातली एखादी गेली तरी डेटा वाचेल अशी सोय करायची. म्हणजे ही गोष्ट आमच्यासारख्या लहान दुकानांना परवडणारीच आहे, दुसऱ्या डिस्कच्या किमतीत होते.

मिरर म्हणजे बॅकअप नाही हेही सांगते. मी चुकून फाइल डिलीट केली तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते, व्हायरसने लॉक केली तर दोन्हीकडे लॉक. म्हणून मोड बदलायच्या आधी आम्ही सगळं बाहेरच्या डिस्कवर घेतलं होतं आणि आता दर शनिवारी दुकान बंद करताना घेतो, ती डिस्क घरी नेते, दुकानात ठेवत नाही.

संपादक साहेब, तुमचा पेपर आमच्या भागातल्या प्रत्येक झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानात येतो, कॉम्प्युटर रिपेअरवाल्यांकडेही येतो. हे पत्र छापलंत तर फॉरमॅट मारण्याआधी कोणीतरी थांबून विचारेल, आधी सेफ मोडने होतंय का बघू, असं म्हणेल. आणि ज्यांनी मिरर करून घेतलाय त्यांनी एक काम आजच करावं, दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर आणि कुठली कुठल्या पोर्टला आहे ते कागदावर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवावं, कारण एक डिस्क बंद पडते तेव्हा दोन्ही दिसायला सारख्याच असतात आणि घाईत चालू असलेली डिस्कच काढली जाते.

आपली नियमित वाचक,
एक डीटीपी चालक, कराड